विहिरीवरचे संभाषण



गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "फादर, शेजाऱ्यांनी प्रसादाचे मोदक दिलेत. खायचे की नाही?" काही जण न विचारताच खातात. काही जण हसून घेतात आणि दार लागल्यावर बाजूला ठेवतात. नाताळात मात्र आपल्या केकचे ताट त्याच घरी जाते!

मूर्तीला दाखविलेल्या अन्नाबद्दल करिंथकरांना लिहिताना संत पौलाने ज्ञानापेक्षा प्रीतीला वरचे स्थान दिले आणि दुबळ्या मनाच्या बांधवाचा विचार करायला सांगितले. म्हणून आम्हीही सर्वांना एकच उत्तर देत नाही. ज्याचे मन कचरते त्याने नम्रपणे नको म्हणावे. घेऊन मागच्या दारी टाकू मात्र नये. पण आम्हाला खटकते ते निराळेच. मोदक देणाऱ्या मावशींना, 'या दिवसांत तुम्ही देवाजवळ काय बोलता?' असे आपण कधी विचारले आहे का?

योहानलिखित शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू येशू शोमरोनी स्त्रीला प्रथम उपदेश करीत नाही. तिच्याकडे पाणी मागतो. यहुदी आणि शोमरोनी यांचे एकमेकांशी दळणवळण नव्हते, तरीही मागतो. पुढे उपासनेचा वादाचा विषय तीच काढते, तेव्हा प्रभू आपले म्हणणे लपवीत नाही, स्पष्ट सांगतो. आणि मग त्या गावकऱ्यांच्या आग्रहाखातर दोन दिवस त्यांच्यात राहतो.

28 ऑक्टोबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'नोस्त्रा एताते' हे घोषणापत्र स्वीकारले. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे त्यात म्हटले आहे. हिंदू धर्माचा उल्लेखही नावानिशी आहे. बाजूने 2221 मते पडली, विरोधात 88. त्या 88 जणांची शंका आजही आपल्यात आहे: "मग सुवार्ता कोणाला सांगायची?" ही शंका प्रामाणिक आहे, हसण्यावारी नेऊ नये. त्याच घोषणापत्रात ख्रिस्ताची घोषणा करणे हे ख्रिस्तसभेचे कर्तव्य असल्याचेही सांगितले आहे. संवाद म्हणजे श्रद्धा पातळ करणे नव्हे.

असिसीकर संत फ्रान्सिस 1219 साली, धर्मयुद्ध चालू असताना, इजिप्तच्या सुलतानाला निःशस्त्र भेटायला गेले. सुलतान ख्रिस्ती झाला नाही, फ्रान्सिस सुखरूप परतले. पुढे 1221 च्या नियमावलीत मुस्लिमांमध्ये जाणाऱ्या आपल्या बंधूंना त्यांनी वादविवाद टाळायला सांगितले; आपण ख्रिस्ती आहोत हे मात्र कबूल करायला सांगितले.

आमचे स्वतःचे सांगायचे तर सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही उपनिषदांवर परीक्षा दिली, शंकराचार्य आणि रामानुज यांच्यातला फरक पानेच्या पाने लिहिला. पण ओळखीच्या एका वारकऱ्याला, 'पंढरपूरला जाऊन काय मागता?' हे विचारायला चाळिशी उलटावी लागली. ते म्हणाले, "फादर, मागायला नाही जात. भेटायला जातो."

त्या संध्याकाळी आम्ही पवित्र साक्रामेंताच्या आराधनेला बसलो तेव्हा हातात धर्मग्रामाच्या मागण्यांची भलीमोठी यादी होती. ती घडी घालून खिशात ठेवली.

आपले प्रमुख धर्मगुरू