अण्णांच्या पन्नास बैठका

शेवटच्या चार बैठकांना अण्णांना चांगलीच धाप लागली, पण पन्नास पुऱ्या करूनच ते थांबले. भिंतीला टेकून पंच्यानं मान पुसत म्हणाले, "एके काळी हजार मारायचो. आता पन्नासातच देव दिसतोय."

अण्णा माझे चुलते, वय ७६. कोल्हापुरात गंगावेशीकडच्या तालमीत वाढले, खासबागेच्या मैदानात लढले, पुढं पोरांना डाव शिकवले. गल्ली त्यांना अजून वस्तादच म्हणते. गेल्या वर्षी काकू मोरीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तेव्हापासून अण्णा तिला पलंगावरून उचलून खुर्चीत ठेवतात, खुर्चीतून न्हाणीत नेतात, परत आणतात. दिवसातून सहा-सात वेळा. मी गेले होते ते मदतीला बाई ठेवा, एवढं सांगायला. त्यांच्या मुलानं पुण्याहून फोन करून ही कामगिरी माझ्या गळ्यात घातली होती.

"कशाला बाई? हे दंड काय पूजेला ठेवलेत व्हय?"

"मागच्या महिन्यात पाठीत उसण भरली होती ना?"

"भरली, गेली. हे बघ, मारुतीजवळ माझं एकच मागणं हाय. चालता-बोलता ने म्हणतो. मला कुणी उचलायची पाळी येऊ नये. त्यासाठीच ह्या पन्नास."

हे मागणं आपल्याकडे घरोघर ऐकू येतं. साठी उलटली की माणसं ते देवळात मागतात, लग्नाच्या पंगतीत एकमेकांना ऐकवतात. मला ते नेहमी शहाणपणाचंच वाटत आलं होतं. त्या दिवशी मात्र आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि काकू जागी होती.

"मग काकूला उचलता, ते काय ओझं?" मी आवाज उतरवून विचारलं.

अण्णांनी पंचा खांद्यावरून काढला, झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला.

"तिचं येगळं."

"कसं वेगळं? तुम्ही तिला उचललं तर माया, आणि तुम्हाला कुणी उचललं तर लाचारी?"

"तू कॉलेजात शिकवतीस. शब्दात पकडतीस."

"शब्दांचं राहू द्या. तालमीत मेहनत झाल्यावर तुमचं अंग कोण रगडायचं?"

"पोरं. पाठीवर उभी ऱ्हायची."

"लाज वाटायची?"

"लाज कसली? आज त्यांनी माझं अंग रगडायचं, उद्या मी त्यांचं."

"म्हणजे पाठ दुसऱ्याच्या हवाली करायची सवय तुम्हाला लहानपणापासूनची आहे."

मला वाटलं, मी त्यांना चीतपट केलं. पण कुस्ती खेळलेल्या माणसाशी वाद घालताना एक ध्यानात ठेवावं : तो खाली गेला म्हणजे हरला असं नसतं.

"हाय की," अण्णा म्हणाले. "पण ते उसनं होतं. ज्याला फेडता येतं त्यानंच उसनं घ्यावं. म्हातारपणी घेतलेलं फिटत न्हाई. लेकाची बायको माझं सगळं करंल, पण मी तिचं कधी करणार? तिच्या म्हातारपणी मी असणार हाय का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नीटसं नाही. आईबापांनी लहानपणी केलं त्याची फेड, हे ठरलेलं उत्तर मी देऊ शकले असते, पण ते सुनेला लागू पडत नाही, आणि आपल्याकडे म्हाताऱ्यांना उठवणारे-बसवणारे हात बहुधा सुनेचेच असतात.

अण्णाच पुढं म्हणाले, "कीर्तनात ययातीची गोष्ट लागली की सगळी त्याला शिव्या घालतात. लेकाची जवानी उसनी घेतली म्हणून. पर त्यानं ती हजार वर्षांनी परत तरी केली. मला कोडं त्या लेकाचं, पुरूचं पडतं. हजार वर्षं म्हातारा होऊन बसला बिचारा. त्याला उठवलं-बसवलं कुणी?"

"पोथीत नाही ते."

"नसायचंच."

मग मी विषय बदलावा म्हणून मिलोची गोष्ट काढली. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला क्रोटोनचा हा मल्ल ऑलिंपिकच्या कुस्तीत सहा वेळा जिंकला. आख्यायिका अशी की तो एक वासरू रोज खांद्यावर उचलायचा. वासरू वाढत गेलं, तशी त्याची ताकद वाढत गेली, आणि शेवटी त्यानं अख्खा बैल पेलला. अण्णा खूश झाले. व्यायामाची अक्कल असलेलं माणूस, म्हणाले. त्याच मिलोबद्दल रोमच्या सिसेरोनं इसवी सनपूर्व ४४ मध्ये, स्वतः साठी ओलांडल्यावर, म्हातारपणावरच्या पुस्तकात लिहिलंय : म्हातारा मिलो आखाड्यातली तरणी पोरं बघून आपल्या दंडांकडे पाहत रडला, हे तर आता मेले म्हणून. सिसेरो त्याची टिंगल करतो. मेलेत ते दंड नाहीत, तूच आहेस, कारण तुझं नाव कधी तुझ्यामुळं झालंच नव्हतं, या अर्थाचं काहीतरी म्हणतो.

"त्या लिहिणाऱ्यानं कधी लंगोट लावलावता का?" अण्णांनी विचारलं.

"वक्ता होता. वकील."

"मग त्याला काय कळणार? दंड गेला तर रडू येणारच. जीभ गेली असती तर हा पण रडला असता."

सिसेरोवर इतकी नेमकी टीका मी वर्गात कधी ऐकलेली नाही. पण माझं मन अडकलं होतं वासरात. मिलोचं ओझं रोज वाढत होतं आणि अंगात ते पेलायचं बळ येत होतं. इथं अण्णांच्या घरात उलटी शर्यत लागली होती. काकू वर्षभरात वाळून ४१ किलोवर आली होती, ओझं रोज हलकं होत होतं, आणि उचलणारे दंडही रोज थोडे उतरत होते. आधी कोण कुणाला हुकणार, एवढंच बघायचं होतं.

"चपळाई पहिल्यांदा जाती," अण्णा म्हणाले. "जोर नंतर. पंचेचाळिशीत मला पट काढता यायचा बंद झाला, पर दाबून धरलं तर पोरगं हलायचं न्हाई."

त्यांनी अनुभवानं सांगितलेलं शरीरशास्त्रही सांगतं. वय वाढतं तसे स्नायूंतले झटक्यानं काम करणारे तंतू आधी आणि जास्त झिजतात. म्हणून म्हातारं माणूस उभं राहू शकतं, पण पाय सरकला की स्वतःला सावरायला वेळेत पोचत नाही. मोरीत काकूचं तेच झालं. या झिजेला १९८९ साली अर्विन रोझेनबर्ग यांनी सार्कोपेनिया असं नाव सुचवलं, ग्रीक शब्द जोडून. मराठीत सांगायचं तर मांसाची गरिबी. गंमत म्हणजे ही गरिबी उशिरासुद्धा थोडी हटते. १९९० साली बॉस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या दहा दुर्बळ माणसांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलण्याचा व्यायाम करून घेतला, तेव्हा तो पुरा करणाऱ्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. व्यायाम थांबला तशी ती उतरायलाही लागली.

"मनाचंही असतं," मी म्हटलं. "ओहायोतल्या ६६० जणांचा बरीच वर्षं मागोवा घेतला. म्हातारपणाबद्दल ज्यांना बरं वाटत होतं ते सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले."

"ज्याच्या घरात माणसं बरी, त्यालाच बरं वाटणार की."

यावरही मी गप्प. संशोधकांनी वय, उत्पन्न, तब्येत सगळं हिशेबात धरलं होतं, पण घरातल्या माणसांचं सगळं तराजूत बसतं का, कोण जाणे.

"मी पण आता वजनं उचलते," मी सांगून टाकलं. "पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ निघाली. जिममध्ये ४० किलो जमिनीवरून उचलते."

अण्णा हसले. बाईमाणूस, ४० किलो! मला राग आला. लहानपणी मला तालमीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. लाल मातीचा वास, हळद-तेल-ताक मुरलेला, मी बाहेरूनच घेतलेला. आणि माझी आई? पहाटे जातं ओढायची, विहिरीचं पाणी शेंदायची, भरली घागर डोक्यावर न् एक कमरेवर. तिच्या बैठका कुणी मोजल्या? तिला खुराक कुणी लावला? हे मी बरंच मोठ्यानं बोलले असणार, कारण आतून काकूची हाक आली.

"मला कुणी इच्चारणार हाय का?"

आम्ही दोघं आत गेलो. पलंगाशेजारी वॉकर उभा होता, त्यावर दोन टॉवेल आणि अण्णांची बनियन वाळत घातलेली.

"डॉक्टरनं काय सांगितलंतं?" काकू माझ्याकडे बघून म्हणाली, पण बोलणं अण्णांसाठी होतं. "पायावर भार द्या. रोज उभं ऱ्हावा. मी उठतो म्हणलं की हे आले उचलायला. पडशील म्हणतात. उचलून-उचलून ह्यांचे दंड राखलेत, माझे पाय गेले."

कोल्हापुरातल्या बायकांचं ते 'मी उठतो'. त्या दिवशी ते मला नुसती बोली वाटलं नाही.

अण्णा पार गोंधळले. "आगं, मी तुला तरास नको म्हणून..."

"ते कळतं मला. पर तुम्ही तालमीत पोरांना असं शिकिवलं असतं का? पडंल म्हणून उचलून घेतलं असतं?"

वर्षभरात हे तिनं त्यांना पहिल्यांदाच बोलून दाखवलं होतं की त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं, मला सांगता येणार नाही. मी बाई ठेवायचं सांगायला गेले होते. अण्णा भार व्हायला भीत होते. आणि जिच्यावरून हे चाललं होतं तिला भार पेलायचा होता, स्वतःचाच, ४१ किलो.

मी वॉकरवरचे कपडे काढले. अण्णांनी त्याची चारही रबरं दाबून बघितली, तालमीत करेला, म्हणजे जड मुद्गल, उचलण्याआधी मूठ बघतात तशी. काकू पलंगाच्या कडेला सरकली. तिनं दोन्ही हातांनी वॉकर धरला. अण्णांचे हात सवयीनं तिच्या काखेखाली निघाले आणि मधेच, चार बोटं अलीकडे, थांबले. ते मागं घेता येईनात आणि पुढं नेता येईनात. मी दुसऱ्या बाजूला उभी होते.

"धरू?" अण्णांनी विचारलं.

"नुसतं जवळ ऱ्हावा," काकू म्हणाली. "आन् मोजा."