एका वाक्याचा महजर

गेल्या पावसाळ्यात एका संदर्भग्रंथाच्या संपादकांनी इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्यावर सहाशे शब्दांची चरित्रनोंद माझ्याकडे मागविली आणि पत्राच्या तळाशी, सहज आठवले म्हणून लिहावे तशी, 'नोंद समतोल असावी' ही एक ओळ जोडली. सहाशे शब्द मी आठवडाभरात लिहून दिले असते. त्या एका ओळीने माझे दोन महिने खाल्ले.

वास्तविक राजवाड्यांचे बाह्य चरित्र कोणत्याही कोशकारास पेचात टाकणारे नाही. १८९८ पासून निघू लागलेले 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचे बावीस खंड, १९१० साली पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ, इंग्रजी उत्तम येत असूनही केवळ मराठीतच लिहिण्याचा आयुष्यभर पाळलेला निर्धार, आणि १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यात झालेला अंत, इतके मांडले की सांगाडा उभा राहतो. पंचाईत पुढे आहे. ज्या गृहस्थाने गावोगावची दप्तरे उपसून इतिहासाला अस्सल कागदाची शिस्त लावली, त्याच गृहस्थाने कायस्थ प्रभूंविषयी असे काही लिहून ठेवले की १९१८ साली प्रबोधनकार ठाकरे यांना 'कोदंडाचा टणत्कार' हा ग्रंथ लिहून त्याचा समाचार घ्यावा लागला. आणि ब्राह्मणपक्षाचा अभिमानी म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवावे, त्यानेच विवाहसंस्थेच्या इतिहासावरील ग्रंथात प्राचीन आर्यांच्या स्त्रीपुरुषसंबंधांविषयी अशी निर्भीड विधाने केली की सनातनी हबकले आणि पुढे श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारख्या साम्यवाद्याने त्या ग्रंथास प्रस्तावना लिहिली. असा मनुष्य कोणत्याही एका पारड्यात नीट बसत नाही.

अशा प्रसंगी नोंदलेखक सामान्यतः जी युक्ती योजतात ती मला पूर्वीपासूनच नापसंत आहे. एक परिच्छेद स्तुतीचा, एक निंदेचा, आणि शेवटी 'तथापि त्यांचे कार्य अविस्मरणीय आहे' असे तुळशीपत्र! हा समतोल नव्हे, ही भाऊबंदांतली वाटणी झाली. वाटणीत दोन्ही हिस्से सारखे निघाले म्हणजे काम झाले. तोलताना मात्र जो दाणा जितका जड तितकेच त्याचे वजन लागले पाहिजे.

माझी लेखणी खरी अडली ती बीडपाशी, आणि मी बीडचाच असल्यामुळे अधिकच अडली. विसाव्या शतकाच्या आरंभी, हा मुलूख निजामाच्या अमलात असताना, राजवाड्यांना बीडच्या पाटांगणात ज्ञानेश्वरीची एक हस्तलिखित पोथी मिळाली. ती एकनाथांनी शके १५०६ मध्ये केलेल्या शुद्धीकरणाच्या पूर्वीची, मुकुंदराजाच्या परंपरेतली आणि उपलब्ध प्रतींत सर्वांत जुनी, असा दावा मांडून त्यांनी ती १९०९ साली छापली. त्या प्रतीच्या भाषेचे त्यांनी रचलेले व्याकरण आजही अभ्यासकांच्या हाताशी असते. पुढे १९६० साली शासनाने ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली तेव्हा आधार राजवाडे प्रतीचाच घेतला. आणि ती मूळ पोथी? ती आज कोणासमोर नाही. तिचे काय झाले याविषयी आख्यायिका पुष्कळ आहेत; त्यांतली सर्वांत रंगतदार जी, तीच नोंदीत घालण्याचा मोह सर्वांत मोठा.

माझ्या मसुद्यात प्रथम वाक्य उतरले ते असे : 'राजवाड्यांनी बीड येथे ज्ञानेश्वरीची एकनाथपूर्व प्रत शोधून काढली.' वाचताना कानाला गोड लागले, कारण त्यात आमच्या गावाचे नाव होते, आणि अंबाजोगाईस मुकुंदराजाची समाधी दाखविणाऱ्या आम्हा जिल्हेकरांना त्या 'परंपरे'त आपलाही वाटा दिसतो. दुसऱ्या दिवशी ते खोडून 'शोधून काढल्याचा दावा केला' असे लिहिले; पण 'दावा' या शब्दाला कोर्टकचेरीचा वास येतो, आणि पोथी मिळालीच नव्हती असा विनाकारण संशय त्यातून डोकावतो. पोथी मिळाली हे एक विधान, ती जुनी होती हे दुसरे, आणि ती मुकुंदराजाच्या परंपरेतली होती हे तिसरे. तिन्हींचे पुरावे निरनिराळे असता मी तिन्ही एकाच क्रियापदाला जुंपली होती. देवु, लोकु अशी उकारान्त रूपे भाषेचे जुनेपण सांगतात, परंतु कागदाचे वय सांगत नाहीत. मागाहूनच्या एखाद्या निष्ठावंत लेखकानेही जुनी रूपे जशीच्या तशी उतरून घेतलेली असू शकतात, आणि कागद, शाई, अक्षरवळण तपासावे तर पोथीच हाती नाही.

तेव्हा आठवला तो महजर, म्हणजे तंट्याचा निवाडा लिहून ठेवणारा जुना कागद, जो राजवाड्यांनीच आपल्याला वाचावयास शिकविला. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला म्हणजे हाजिर मजालशीची नावे प्रथम मांडावयाची, मग वादीची तकरीर, म्हणजे जबानी, त्याच्या तोंडची, प्रतिवादीची त्याच्या तोंडची, मग कागदपत्र आणि साक्षीमोजे, आणि सर्वांखाली शिक्के, निशाण्या, कुणब्याचा नांगर. अमुक गोष्ट कोणाच्या जबानीवर उभी आहे हे त्या कागदात कधी लपत नाही. तिसऱ्यांदा मी तसे लिहिले : पोथी मिळाल्याचे माझ्या शब्दांत, काळनिर्णय 'भाषारूपांवरून राजवाड्यांनी ठरविला' म्हणून, परंपरेची गोष्ट 'राजवाडे यांच्या मते', आणि मूळ प्रत तपासणीस उपलब्ध नाही हे त्याच परिच्छेदात, तळटीपेत नव्हे. प्रबोधनकारांनाही याच न्यायाने आत घेतले. 'काही टीकाकारांनी' या बिननावाच्या गर्दीत न ढकलता त्यांचे नाव, ग्रंथाचे नाव आणि साल यांसह.

महजराशी साम्य येथेच संपते हे मान्य केले पाहिजे. तेथे निवाडा झाला की हरलेल्याकडून हार कबूल केल्याचे येजितखत लिहून घेत आणि जिंकलेला सरकारात हरकी, म्हणजे जिंकल्याबद्दलची रक्कम, भरी. कोशकाराला ना येजितखत घेण्याचा अधिकार, ना हरकीचा लाभ. राजवाडे आज असते तर त्यांनी माझ्या 'यांच्या मते'वर केवढा आगडोंब उसळविला असता, हे त्यांच्या प्रस्तावना वाचलेल्या कोणासही सांगावयास नको.

नोंद सहाशे चाळीस शब्दांची झाली. संपादकांनी चाळीस शब्द कमी करून मागितले, आणि खुणेची निळी पेन्सिल नेमकी 'मूळ प्रत तपासणीस उपलब्ध नाही' याच वाक्याखाली ओढली होती. ते वाक्य ठेवून मी बावीस खंडांची स्तुती करणारी दोन विशेषणे आणि बीडचे एक वर्णन काढून टाकले, उरलेले शब्द इकडूनतिकडून वेचले, आणि नोंद पुन्हा टपालात टाकली.