लाल दिवा आणि वांकलेली तार



नळास पाणी आलें नाहीं म्हणजे शहाणी गृहिणी प्रथम आपली तोटी पाहते, मग अंगणांतील नळी पाहते, आणि सर्वांच्या शेवटीं गांवच्या टाकीकडे जाते. परंतु घरचें इंटरनेट बंद पडलें कीं हा साधा क्रम आपण विसरतों. कोणी कंपनीस शिव्या देतो, कोणी मुलांवर ओरडतो, कोणी डब्यावर थापट्या मारतो. बंद पडलेला मार्ग कोणत्या क्रमानें शोधावा, आणि शोधतांना मन कसें ठेवावें, हा आजच्या बोधाचा विषय आहे. दृष्टांत माझ्याच घरचा आहे. तो सांगतांना मला लाज वाटते, तरी सांगतों.

गेल्या पावसाळ्यांत माझ्या थोरल्या मुलीस परिचारिकेच्या शिक्षणासाठीं अर्ज भरावयाचा होता. तो शेवटचा दिवस होता आणि मध्यरात्रीं मुदत संपणार होती. सायंकाळीं पांच वाजतां पाहतों तों इंटरनेट बंद! आमच्या आळींत मोबाईलच्या लहरी धड पोहोंचत नाहींत, म्हणून दुसरा उपाय नव्हता. दोन दिवसांपूर्वीं शेजारच्या तात्यांनीं बांधावरच्या शेवग्याच्या फांद्या तोडल्या होत्या, आणि खांबावरून येणारी आमची तार त्याच झाडाजवळून येते. झालें! माझ्या मनानें तेव्हांच निकाल दिला. अंगणांत उभा राहून मी ओरडलों, "तात्या, फांद्या तोडतां तोडतां तुम्हीं आमची तार तोडली. पोरीचें वर्ष बुडालें तर जाब तुम्हांला द्यावा लागेल!"

तात्या मला वडिलांच्या ठिकाणीं. ते एवढेंच म्हणाले, "बाळा, तार बाजूला धरून मीं फांदी तोडली. तरी तूं एकदां पाहून तर घे." मीं पाहिलें नाहीं. मीं दार लावून घेतलें. तार तुटली असती तर मधले दोन दिवस इंटरनेट चाललें कसें, एवढाहि विचार मला सुचला नाहीं. रागावलेला मनुष्य कारण शोधीत नाहीं, तो गुन्हेगार शोधतो.

मुलगी मात्र शांत होती. तिनें जें केलें त्यांत आपल्या सर्वांस शिकण्याजोग्या चार गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट ही कीं, दोष किती पसरला आहे हें तिनें पाहिलें. तिचा मोबाईल, भावाचा मोबाईल आणि संगणक, तिन्हींवर कांहींच उघडेना. एकच यंत्र बंद असतें तर दोष त्या यंत्रांत शोधावा लागला असता. तिन्हीं बंद, म्हणून दोष डब्यांत किंवा डब्याच्या पलीकडे. येथें पुष्कळांची फसगत होते. मोबाईलवर वायफायची खूण दिसते, म्हणून ते म्हणतात कीं सर्व ठीक आहे. परंतु ती खूण मोबाईल व डबा यांच्यामधील वाट मोकळी आहे एवढेंच सांगते. डब्यापासून जगापर्यंतची वाट निराळी.

दुसरी गोष्ट, तिनें डब्यावरचे दिवे नीट पाहिले. विजेचा दिवा हिरवा होता. परंतु "एल.ओ.एस." ह्या अक्षरांचा दिवा लाल लुकलुकत होता. त्याचा अर्थ हा कीं, तारेंतून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोहोंचत नाहीं. ही तार तांब्याची नसून कांचेच्या तंतूची असते. ज्या गाभ्यांतून प्रकाश धांवतो तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनहि बारीक असतो. तो प्रकाश डोळ्यांस दिसत नाहीं, पण डोळ्यांस अपाय करूं शकतो, म्हणून सुटलेल्या तारेच्या टोंकांत कधींहि डोकावूं नये.

लाल दिवा नसता तर उपाय वेगळे होते. डबा बंद करून अर्धा मिनिट थांबावें, पुन्हां चालू करावा, आणि तीनचार मिनिटें धीर धरावा. पुष्कळ दोष एवढ्यानेंच जातात. भरलेल्या पैशांची मुदत संपली आहे काय तें पाहावें. कधीं वाट मोकळी असते, परंतु नांवावरून ठिकाणाचा आंकडी पत्ता सांगणारी व्यवस्था अडलेली असते. तिला डी.एन.एस. म्हणतात, आणि ती 1983 सालीं योजिली गेली. अशा वेळीं एखादें ठिकाण आंकड्यांनीं सांपडतें पण नांवानें उघडत नाहीं. मात्र डब्याच्या मागें सुईएवढ्या छिद्रांत जें बटण असतें तें उगाच दाबूं नये. त्यानें कंपनीनें आंत करून ठेवलेली सर्व मांडणी पुसली जाण्याचा संभव असतो, आणि एका दोषाचे दोन होतात.

तिसरी गोष्ट, तिनें शेजाऱ्यास विचारिलें. ती म्हणाली, "बाबा, तात्यांकडे ह्याच कंपनीचें इंटरनेट आहे. त्यांचें चालू असेल तर दोष खांब आणि आपलें घर ह्यांच्या मध्यें आहे. त्यांचेंहि बंद असेल तर तो पुढें कोठें तरी आहे." प्रियजनहो, उत्तर दहा पावलांवर होतें, आणि तेंच दार मीं माझ्या जिभेनें बंद करून ठेविलें होतें! माझे पाय उचलेनात. शेवटीं तीच गेली. तात्यांकडे इंटरनेट चालू होतें. त्यांनीं तिला आपल्या ओटीवर बसविलें, दिवा जवळ आणून ठेविला, आणि रात्रीं आठाच्या आंत अर्ज जाऊन त्याची पोंच तिच्या हातीं आली. मीं केलेल्या आरोपाचा एक शब्दहि त्यांनीं तिच्यापाशीं काढला नाहीं.

चौथी गोष्ट, परत आल्यावर तिनें तार डब्यापासून बाहेरच्या बाजूस हात लावीत तपासली. चार हातांवरच दोष सांपडला. त्या दिवशीं चार वाजतां छप्पर गळूं लागलें म्हणून मींच कपाट भिंतीकडे सरकविलें होतें, आणि कपाटाच्या कडेखालीं ती तार कोंपरासारखी दुमडली होती. तार तुटली नव्हती; वरचें आवरणहि शाबूत होतें. परंतु कांचेच्या गाभ्यांत प्रकाश आंतल्या आंत परावर्तन पावत जातो, आणि तंतु फार वांकला कीं त्या वळणावर तो बाहेर सांडतो. म्हणून अशा तारेस वाटीच्या घेराहून लहान वळण देऊं नये. कपाट ओढलें, तार हळूच सरळ केली. दोन मिनिटांत लाल दिवा विझला. तंतु आंतून तुटला असता तर तो सांधण्यास कारागीरच लागला असता. त्या वेळीं कोणता दिवा लाल आहे, केव्हांपासून, आणि आपण काय करून पाहिलें, हें कंपनीस सांगून तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा.

ह्या कांचेच्या तंतूचा इतिहासहि हेंच शिकवितो. एके काळीं कांचेंत प्रकाश लवकर मरे, म्हणून दूरच्या संदेशास ती निरुपयोगी असें मानीत. 1966 सालीं चार्ल्स काव ह्या शास्त्रज्ञानें आपल्या सोबत्यासह दाखविलें कीं, मुख्य दोष कांचेच्या स्वभावांत नसून तिच्यांतील मळांत आहे. एका किलोमीटरनंतर शंभरांतील एक भाग प्रकाश उरला तरी काम भागेल, असें त्यांचें म्हणणें होतें. 1970 सालीं अमेरिकेंत तशी कांच बनली, आणि आजच्या उत्तम तंतूंत एका किलोमीटरनंतर शंभरांतील सुमारें पंचाण्णव भाग उरतात. 2009 सालीं काव ह्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. दोष कोठें आहे हें ज्यानें नीट ओळखिलें, त्यानें टाकाऊ ठरलेल्या वस्तूस मोलाची केलें.

आतां माझें काय झालें तें ऐका. घरांतला लाल दिवा विझला, परंतु माझ्या अंतःकरणांतला विझेना. दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ आणि आपल्या डोळ्यांतील मुसळ ह्यांविषयीं मीं किती वेळां उपदेश केला होता! वेदीपाशीं दान नेण्यापूर्वीं भावाशीं समेट करावा, हेंहि मीं इतरांस शिकविलें होतें. रात्रीं नऊ वाजतां मी तात्यांच्या ओटीवर गेलों आणि म्हणालों, "तात्या, तार माझ्याच कपाटाखालीं वांकली होती. मीं तुम्हांवर खोटा आळ घेतला. मला क्षमा करा." ते म्हणाले, "अर्ज गेला ना? मग बस. चहा घे."

म्हणून उपदेशक बंधूंनो, आणि घर चालविणाऱ्या मायबहिणींनो, मार्ग बंद पडला कीं प्रथम आपल्याच हातून शेवटीं काय हललें तें पाहा. जवळून दूर जा. एका वेळीं एकच गोष्ट बदला. शेजाऱ्याकडे आरोप घेऊन जाऊं नका, प्रश्न घेऊन जा. आणि दोष आपलाच निघाला तर त्याच दिवशीं, दिवे मालवण्यापूर्वीं, जाऊन तसें सांगा. तार सरळ होण्यास दोन मिनिटें पुरलीं. मन सरळ होण्यासहि फार वेळ लागत नाहीं, मात्र कपाट आपणच ओढावें लागतें. तें ओढण्याचें बळ देव आपणां सर्वांस देवो. आमेन.