सुटे भाग आणि ‘तोच’ ट्रान्समीटर

हौशी रेडिओचालकाने, म्हणजे व्यापारासाठी नव्हे तर प्रयोगाच्या आवडीने बिनतारी संदेश पाठवणाऱ्या परवानाधारकाने, घरी जोडलेल्या जुन्या ट्रान्समीटरचे मूळ शोधणे हे वरकरणी तांत्रिक काम असले, तरी त्यात भारतीय दर्शनांनी दीर्घकाळ चर्चिलेला एक प्रश्न दडलेला आहे: भाग बदलले, उकलले आणि पुन्हा जोडले, तर वस्तू ‘तीच’ राहते काय?

कारखान्यातील यंत्रांची वंशावळ त्या मानाने सरळ असते. हॅलिक्राफ्टर्स या अमेरिकी कंपनीचा हौशी चालकांसाठीचा एचटी-४ हा ट्रान्समीटर दुसऱ्या महायुद्धात लष्करात बीसी-६१० या नावाने दाखल झाला आणि पुढच्या आवृत्त्यांना क्रमाने अक्षरे मिळत गेली. घरगुती यंत्राला अशी नामपट्टी नसते. तेथे अनुमानाचाच आधार घ्यावा लागतो. ६एल६ हा व्हॉल्व्ह, म्हणजे विद्युतप्रवाहाचे नियमन करणारी निर्वात नळी, १९३६ साली बाजारात आला. म्हणून मुळापासून त्याच्यासाठीच घडवलेले यंत्र त्यापूर्वीचे असणे शक्य नाही. मात्र त्याच्या खोबणीभोवती जुने, मोठे भोक पत्र्याची चकती बसवून बुजवलेले दिसले, तर सांगाडा आधीचा आणि खोबणी नंतरची ठरते, आणि मग यंत्राचे वय सांगायचे ते कशाचे, हा पेच उभा राहतो.

महाराष्ट्रात हा पेच मुंबईच्या काँग्रेस रेडिओच्या रूपाने इतिहासातच घडलेला आहे. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच सरकारने हौशी परवाने रद्द करून यंत्रे जमा करण्यास सांगितले, तेव्हा हौशी चालक नरिमन प्रिंटर यांनी आपले यंत्र मोडून त्याचे भाग जपून ठेवले. १९४२ मध्ये स्वातंत्र्यसैनिक उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांसाठी काँग्रेस रेडिओ या भूमिगत केंद्राचा ट्रान्समीटर उभा राहिला, तो या भागांच्या आधारे. २७ ऑगस्टपासून ४२.३४ मीटरवर, म्हणजे सुमारे ७०८० किलोहर्ट्झवर, त्याचे प्रक्षेपण होऊ लागले. ही तरंगलांबी हौशी चालकांच्या चाळीस मीटर पट्ट्यात मोडते, हे यंत्राचे कूळ पाहता निव्वळ योगायोग म्हणून सोडून देणे कठीण आहे. जागा बदलत चाललेले हे केंद्र १२ नोव्हेंबरला पोलिसांच्या हाती लागले.

न्याय-वैशेषिक दर्शनांच्या मतानुसार अवयवी, म्हणजे अवयवांपासून उत्पन्न होणारे परंतु त्यांहून वेगळे असे द्रव्य, अवयवांचा संयोग तुटताच नष्ट होते. एक धागा काढला तरी पहिले वस्त्र संपून दुसरे उत्पन्न होते. म्हणून १९३९ चे यंत्र संपले आणि १९४२ चे नवे. दोन रुग्णांनी वेगवेगळ्या पुड्या घेऊनही ‘तेच औषध घेतले’ असे म्हणावे, तसे येथील ‘तेच’ केवळ सजातीयत्व दाखवते. हा निर्णय काटेकोर खरा, पण वाळलेला एक कपॅसिटर बदलताच यंत्र नवे मानावे लागेल, आणि दुसऱ्या टोकाला एकाच जातीची सगळी यंत्रे ‘तीच’ म्हणता येतील. राजा मिलिंदाच्या रथाचे एकेक अंग तपासून ‘रथ’ हे केवळ व्यवहारातील नाव ठरवणाऱ्या बौद्ध भिक्षू नागसेनाचा मार्ग येथे अधिक कामाचा वाटतो, कारण बौद्धांची संतानकल्पना, म्हणजे कार्यकारणांची अखंड साखळी, ‘हे तेच काय’ याऐवजी ‘हे कशापासून झाले’ असे विचारते.

तरीही साखळी पुरेशी नाही, हे यंत्राबाहेरच्या एका उदाहरणावरून दिसते. जुलै १९३० मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला. समुद्र दूर असलेल्या या जिल्ह्यात मिठाची जागा गवताने घेतली. द्रव्य वेगळे, कृती वेगळी, तरी तो गांधीजींच्या दांडीच्या मीठ-सत्याग्रहाचाच भाग मानला गेला, कारण तेथे एकत्व संकल्पाचे होते. हीच कसोटी लावली, तर प्रिंटर यांचे छंदाचे यंत्र आणि काँग्रेस रेडिओचे यंत्र ही दोन्ही, सगळे भाग जसेच्या तसे असते तरी, भिन्नच ठरतात. माणसाच्या बाबतीत मात्र ही कसोटी उलटते: १९४२ मध्ये अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला, म्हणून ते तीन अणे होत नाहीत, बदलत्या भूमिकांना ‘माझ्या’ म्हणणारी स्मृती एकच असते.

यंत्राला स्मृती नसते, त्यामुळे त्याची प्रत्यभिज्ञा, म्हणजे पूर्वसंस्काराच्या साहाय्याने होणारे ‘हे तेच’ असे ज्ञान, सर्वस्वी ओळखणाऱ्याच्या ठायी राहते. येथे ती भाग उकलून पुन्हा जोडणाऱ्या प्रिंटर यांच्यापाशी होती, आणि पुढे काँग्रेस रेडिओच्या खटल्यात ते माफीचे साक्षीदार झाले. त्यांच्यापुरते ते ज्ञान प्रत्यक्षच होते. इतरांच्या दृष्टीने ते शब्दप्रमाण, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारे ज्ञान, ठरते, आणि शब्दप्रमाणात बोलणारा आप्त, म्हणजे विश्वासार्ह, आहे की नाही हे आधी ठरवावे लागते.