श्लोक संपेपर्यंत

डोळे मिटून बसा. पाठ भिंतीला टेकली तरी चालेल.

समोर केळीचं पान आहे, टोक डाव्या हाताला. धुतल्याचे थेंब अजून पानावर आहेत. वर मधोमध मीठ. डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे बटाट्याची भाजी. खाली भाताची मूद, वर पिवळं वरण, आणि तूप ओघळत मुदीच्या कडेशी येऊन थांबलेलं. वास घ्या, हात मात्र लावू नका. शेवटच्या पानावर तूप पडेपर्यंत कुणी लावत नाही.

‘पार्वतीपते हर हर महादेव!’ पंगत जेवू लागते.

थोडा वेळ नुसते आवाज ऐका. भुरके, वाढप्यांची अनवाणी पावलं, पातेल्यावर पळीचा ठोका. जिलबीचं ताट पंगतीच्या त्या टोकाला दिसू लागतं, तेव्हा कुणी आजोबा म्हणतात, “अरे, होऊ दे की एखादा श्लोक.”

नजरा वळतात त्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाकडे. तो आधी तोंडातला घास गिळतो. इथे जरा रेंगाळा. तोंड एकच, ते खाईल, नाहीतर गाईल. आणि गंमत अशी की गाणारा एक थांबला, तर शेजारच्यांचेही हात पानावर थांबतात. पोटात भूक आहे, पुढ्यात भात आहे, आणि तरी पंगत एका पोराच्या आवाजासाठी खोळंबते. आपला हात तसाच पानावर राहू द्या. श्वास सावकाश घ्या.

मुलगा मनाचा श्लोक म्हणतोय. समर्थांचे हे 205 श्लोक भुजंगप्रयातात आहेत: एका चरणात 12 अक्षरं, एक लघु, दोन गुरू, असं चारदा. मांडीवर बोटानं वाजवून पाहा. हलका, जड, जड. हलका, जड, जड. चिमुकल्या छातीलाही हे पेलतं. मोठी माणसं मोरोपंतांच्या ‘केकावली’ला हात घालत, तिथल्या पृथ्वी वृत्तात चरणाला 17 अक्षरं, दम राखून म्हणावं लागतं.

तिसऱ्या चरणावर तो अडतो. पुढचा शब्द येतो तो पंगतीतून नाही, वाढणाऱ्या बायकांमधून, हळूच. श्लोक त्यांनाही पाठ असतात, पण “तुम्ही म्हणा” असं त्यांना कुणी म्हणत नाही. त्यांचं गाणं वेगळं: लग्नात विहिणीच्या पंगतीला मुलीकडच्या बायका ‘विहीण’ म्हणतात, आमची लेक सांभाळा म्हणून. आणि या पंगतीत ज्यांना जातीमुळे पाटच मिळाला नाही, त्यांनाही या क्षणी आठवा. ते आठवल्याशिवाय हे चित्र मला तरी खरं वाटत नाही.

बुफेतही श्लोक म्हणता येतो म्हणा. फक्त ऐकणारे रांगेत पाठमोरे उभे असतात.

चौथा चरण झाला. ‘जय जय रघुवीर समर्थ!’ सगळी पंगत एकदम. मुलगा मान खाली घालतो, त्याचे कान लाल झालेत. त्याच्या पानात एक जिलबी जास्तीची पडलीय.

आता जेवा. पण इतक्यात डोळे उघडू नका, ताकभात यायचाय.