घसारा

माणसानं स्वतःच्या हातानं काही करू नये. केलंच तर त्याच्या प्रेमात पडू नये. मी बँकेतला कारकून. वीस वर्षं दुसऱ्यांच्या आकड्यांपुढे बरोबरच्या खुणा करण्यापलीकडे या हातांनी काही केलं नव्हतं. अशात जोतिबा डोंगरावरच्या आमच्या घराचं, वडिलांनी बसवलेलं सागवानी दार मोडीत निघालं आणि त्याच्या फळ्यांतून मी दोन लाकडी कुंड्या ठोकल्या. एक जरा डावीकडे झुकली. मला मात्र ती विचारात पडल्यासारखी वाटे.

आई म्हणाली, “बरं झालं. यात दवणा लावू. चैत्रात देवाला घरचा दवणा वाहीन.”

पण ३१०० फुटांवरचा पाऊस वरून पडत नाही, आडवा घुसतो. मी धसकलो. व्हार्निशचे तीन हात दिले, वर प्लॅस्टिक गुंडाळून सुतळीनं आवळलं. ओली माती घातली की लाकूड आतून कुजणार, हे उघड होतं. म्हणून मातीच घातली नाही. पावसाळा गेला, थंडी गेली. कुंड्या सुखरूप होत्या. फक्त त्या कुंड्या नव्हत्या, खोकी होती.

चैत्र पौर्णिमेला डोंगर गुलालात न्हाला. आई विकतचा दवणा घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “पुढच्या चैत्राला असले, तर बघू.”

तेवढ्यात घरासमोरून सासनकाठी नाचत गेली. तीस फुटांवर उंच वेळू. त्याला ऊन, वारा, गुलाल आणि शेकडो हात. माळ्यावर जपून ठेवला असता तर तो जास्त टिकला असता. पण मग त्याला सासनकाठी कोण म्हणणार? राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलेलं देऊळ काळ्या दगडाचं. त्याला टिकणं जमतं. लाकडाचा धर्म निराळा. जपानात इसे इथलं लाकडी देवस्थान दर वीस वर्षांनी मुद्दाम नवं बांधतात. २०१३ मध्ये बांधलं, आता पुढची पाळी २०३३ ची. लाकूड जातं, सुताराचा हात टिकतो.

बी. कॉम.ला सरळ रेषेचा घसारा शिकलो होतो. मालमत्ता वापरा नाहीतर कुलपात ठेवा, किंमत दरसाल तेवढीच उतरते. त्याचे गुण तेव्हा मिळाले. अर्थ कळायला चाळिशी उलटावी लागली.

प्लॅस्टिक सोडलं, तर आत बुरशी! सुतार हसला. “साहेब, लाकडाला पाण्याचं भ्या न्हाई, कोंडलेल्या पाण्याचं हाय.” मग तळाला भोकं पाडली, खाली विटा दिल्या. फळ्यांची कापलेली टोकं सगळ्यांत जास्त पाणी पितात, त्यांना जवसाचं तेल पाजलं. आता दर पावसाळ्याआधी एक हात तेलाचा. एवढंच आपल्या हाती.

मग जपायचं म्हणजे काय? मला वाटतं, वस्तू ज्यासाठी केली ते काम तिला करू देऊन जेवढं जपता येईल तेवढं. त्यापुढची काळजी वस्तूची नसते. ती आपल्या कर्तबगारीची असते.

थंडीत आईनं दवणा लावला. झुकलेली कुंडी डावीकडे गळते, एका कोपऱ्याला काळवंडलीय. आई म्हणते, “गळू दे.”

यंदाच्या चैत्रात तिनं पहिली जुडी खुडली. मी हुंगायला नाक पुढं केलं, तर हातावर चापट बसली.

“आधी देवाला.”