खाडा

शाळा बुडाली की आमच्याकडे ‘खाडा झाला’ म्हणतात. उसाच्या फडातही हाच शब्द. एक दिवस कोयता चालला नाही की खाडा, आणि त्याचे पैसे मुकादम हिशेबात कापून घेतो. हा खाडा टळावा म्हणून आमच्या बीड जिल्ह्यातल्या बायकांनी गर्भाशयं काढून घेतल्याच्या बातम्या 2019 मध्ये राज्यभर गाजल्या. मी याच जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर 22 वर्षं शिकवलं. दरवर्षी कार्तिकात मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला निघाली की वर्ग अर्धा व्हायचा आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला पुन्हा भरायचा. मधल्या महिन्यांतल्या गैरहजेरीला जबाबदार कोण, हे मी कितीतरी पालक सभांत विचारलं आहे. समोर पालक बसलेले असत, त्यामुळे उत्तर विचारण्यातच असायचं.

एका वर्षीचं सांगते. चौथीतली मुलगी, सतरापर्यंतचे पाढे न अडखळता म्हणणारी. दिवाळीनंतर चार दिवसांनी त्यांच्या दारात ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, पिठाचा डबा, दोन शेळ्या, आणि सगळ्याच्या वर ही, मांडीवर सात महिन्यांचा भाऊ घेऊन. मी आईला म्हटलं, हिला आजीपाशी ठेवा, शाळेत हंगामी वसतिगृह सुरू होतंय, जेवायची सोय आहे. ती म्हणाली, “बाई, हिला ठिवली तर लेकराला कोण बघंल? अन् लेकरापायी म्या कोपीवर बसले तर कोयता अर्धा होतो. उचल तर दोघांची घेतलीय.” नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि उचल म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे. वडील मागच्या बाजूला दोर आवळत होते. दसऱ्याला भगवानगडावर जाऊन आलेला माणूस. तिथल्या संत भगवानबाबांनी कीर्तनांतून लेकरं शिकवा म्हणून किती जीव तोडून सांगितलं, ते त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दोर केव्हाच आवळून झाला होता, तरी त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

माणूस ऋण घेऊनच जन्माला येतो, असं आपल्याकडे मानतात. देवांचं, ऋषींचं, पितरांचं. ऋषींचं ऋण अध्ययनाने फिटतं, म्हणजे त्या मुलीने शाळेत बसणं ही एका परीने त्या ऋणाची फेडच. पण मला एक गोष्ट कायम खटकत आली आहे. जन्म देणाऱ्यावर त्या लेकराचं काही ऋण चढतं का, ते या तिघांत वेगळं मोजलेलं नाही. पितृऋण मागच्या पिढ्यांकडे बघतं, अपत्य झालं की ते फिटलं. पुढे ते अपत्य शाळेत गेलं की फडात, हे कुणाच्या खात्यावर मांडायचं? त्या घरात तर ऋण म्हणजे उचल, आणि ती फेडायला नऊ वर्षांच्या मुलीची मांडी लागत होती.

राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. नोकरीच्या सुरुवातीला मला तो दंड फार कठोर वाटायचा. आता त्यात मला मान दिसतो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून लांब ठेवलं होतं, त्यांना राजा सांगत होता की तुझ्या लेकराच्या शिक्षणाचा कर्ता तू आहेस. हे सांगण्याआधी त्याने वसतिगृहं उभी केली होती, म्हणून त्याला ते सांगण्याचा अधिकार होता. आज घटनेतल्या मूलभूत कर्तव्यांत, 2002 च्या दुरुस्तीमुळे, सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाची संधी देणं हे पालकाचं कर्तव्य म्हणून आलं आहे. शिक्षण हक्काचा 2009 चा कायदा मात्र जरा सावकाश वाचावा. मुलाला शाळेत घालणं त्याने पालकाकडे दिलं आहे. ते मूल रोज शाळेत येतं का, शिक्षण पुरं करतं का, हे बघणं शासनाकडे आहे. हजेरीविषयी पालकांना सांगत राहणं शिक्षकाकडे आहे. पालकाला दंड त्यात नाही.

मग त्या बापाला दोष द्यायचा का? दोष द्यायचा तर त्याच्यासमोर दुसरी वाट खरोखर मोकळी असायला हवी. फडाजवळ एखादं पाळणाघर असतं तर मुलगी गावात राहिली असती, इतकी ती वाट जवळ होती, आणि ती काढणं त्याच्या हातात नव्हतं. तरीही कर्तव्य उरतंच. ते उरलं होतं म्हणून तर त्याला माझ्याकडे बघवलं नाही. ‘बिचारे, त्यांना कुठे कळतं शिक्षणाचं महत्त्व’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. एवढ्या एका वाक्यात आपण त्या माणसाचं बापपणच काढून घेतो. त्याला सगळं कळतं. कळूनही तो ट्रॅक्टरवर चढतो, आणि ते ओझं पाच महिने उसाच्या मोळीसोबत वाहतो.

माझंही कर्तव्य होतं, आणि त्यात मी चुकले. सलग गैरहजर दिसलेलं नाव पटावरून जाईल, ही धास्ती असायची. म्हणून दोन महिने मी तिच्या रकान्यात हजेरी लावली. मायेपोटी लावली, दुसरा काही स्वार्थ नव्हता. पण कागदावर ती वर्गात बसलेली असल्यामुळे तिला शोधायला, तिच्यासाठी काही करायला कुणीच बांधील राहिलं नाही. बापाचं कर्तव्य, शासनाचं, माझं, सगळी मी एका खुणेने मिटवून टाकली. तेव्हा हे माझ्या लक्षातही आलं नाही.

चैत्रात ती परत आली. हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे, कडेवरचा भाऊ आता चालायला लागलेला. हजेरीपत्रक टेबलावर उघडं होतं. तिने बोट फिरवत आपली ओळ शोधली आणि बराच वेळ बघत राहिली.

“बाई, मी तर नव्हते.”

मला बोलता येईना.

“आईचे चार खाडे झाले,” ती म्हणाली, “बाळाला ताप आला तवा. माझे किती झाले?”

आम्ही दोघी मोजायला बसलो. रविवार आणि सुट्ट्या सोडून 107.